‘कोसला’तील हसू

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. आज पदव्युत्तर वर्गात ती बहुधा ‘अस्तित्ववाद’ किंवा ‘देशीवाद’ या संज्ञांचा दाखला म्हणूनच पोहोचते. परिणामी, पुण्याच्या वसतिगृहात मेसचा कारभार अंगावर घेऊन पांडुरंग सांगवीकराची झालेली फजिती वाचताना विद्यार्थी हसत नाही. तो अधोरेखन करतो. (अध्यापकांचेही फारसे निराळे नसते.) वस्तुतः मनीच्या मृत्यूचा भाग वाचकाला हादरवतो, तो आधीच्या त्या तिरकस विनोदामुळेच. जो हसलाच नाही, त्याला या शोकाची खोली जाणवत नाही. मग त्याच्या समीक्षेत केवळ परिभाषा उरते. तेव्हा परीक्षा आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या सुटीत, हाती पेन्सिल न घेता ही कादंबरी सलग वाचावी. टिपणे दुसऱ्या वाचनाच्या वेळी काढता येतात.