भुकटीच्या गिरण्या : परवाना कुणाला, तपासणी कशाची?

सिलिकोसिसने ग्रस्त कामगारांसाठी २००६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका ६ ऑगस्ट २०२४ रोजी निकाली निघाली. अठरा वर्षांनंतर न्यायालयाने अशा उद्योगांच्या पर्यावरणीय परिणामांवर देखरेख करण्याचे काम राष्ट्रीय हरित लवादाकडे सोपवले, तर नुकसानभरपाईच्या प्रक्रियेवर लक्ष ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिले. दगड दळणाऱ्या छोट्या गिरणीला परवानगी देताना आणि नंतर तिची तपासणी करताना शासन नेमके काय पाहते, हा या प्रकरणातून पुढे आलेला प्रश्न मात्र अजूनही सुटलेला नाही.

या गिरण्या दिसायला साध्या असतात. खाणीतून आलेली गारगोटी जबड्यासारख्या यंत्रात फोडली जाते, मग चक्कीत दळून चाळली जाते आणि पोत्यांत भरली जाते. काच, चिनी माती आणि पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांचे अस्तर यांसाठी या भुकटीला मागणी आहे. अनेक ठिकाणी पोती हातानेच भरली जातात. डोळ्यांना दिसणारी धूळ खाली बसते; पण तिच्यातील अतिसूक्ष्म कण श्वासावाटे थेट फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात आणि तेथे कायमचे व्रण निर्माण करतात. सिलिकोसिसवर इलाज नाही. धूळ फार दाट असेल तर काही महिन्यांचे कामही हा आजार जडण्यास पुरेसे ठरते. शिवाय लक्षणे क्षयरोगासारखी असल्याने रुग्णाला वर्षानुवर्षे क्षयाचीच औषधे दिली जातात.

मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ आणि धार जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातमधील गोध्रा आणि बालासिनोर परिसरातील गिरण्यांत कामाला जात आणि खोकला घेऊन गावी परतत. मृत्यू मध्य प्रदेशात होत आणि गिरणी गुजरातमध्ये राही. मजुरांजवळ ना ओळखपत्र असे, ना पगाराची पावती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात शासनाला केली. ही रक्कम देण्याचा आदेश प्रत्यक्षात सर्वोच्च न्यायालयाला ४ मे २०१६ रोजी द्यावा लागला. मधल्या साडेपाच वर्षांत मुख्य वाद होता तो कामगार आणि गिरणी यांच्यातील नाते सिद्ध करण्याचा. ज्या नोंदी ठेवण्याची जबाबदारी मालकाची होती आणि ज्या तपासण्याची जबाबदारी शासनाची होती, त्या नोंदींच्या अभावाचा भार मात्र मृताच्या कुटुंबाच्या माथी आला.

कायद्यात तरतुदी नव्हत्या, असे म्हणता येणार नाही. कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. हवेतील सिलिकायुक्त धुळीची कमाल मर्यादाही अधिनियमाच्या अनुसूचीत सूत्ररूपाने दिलेली होती. निव्वळ गारगोटीसाठी हिशेब केल्यास श्वसनयोग्य धूळ दर घनमीटर हवेत जेमतेम एक दशांश मिलिग्रॅम इतकीच चालू शकते. कलम ८७ खालील नियमांमध्ये सिलिका असलेला दगड हाताळणे हे धोक्याचे काम मानून पाण्याचा फवारा, यंत्राला आवरण, धूळ खेचून घेणारी यंत्रणा आणि वैद्यकीय तपासणी यांची अपेक्षा ठेवलेली होती. अडचण होती ती उंबरठ्याची. विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असतील तरच तो कारखाना ठरत असे. कलम ८५ चा वापर करून राज्य शासन त्याहून लहान ठिकाणांनाही कायदा लागू करू शकत होते, पण त्यासाठी स्वतंत्र अधिसूचना काढावी लागे. गिरणी चालवायला चार-सहा माणसे पुरतात. जास्त असतील तर मुकादमाच्या नावावर दाखवता येतात.

खाणीतले काम खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या, म्हणजे केंद्राच्या, कक्षेत येते. तोच दगड ट्रकमध्ये भरून काही कोसांवरच्या गिरणीत नेला की विषय राज्याच्या कारखाना निरीक्षकाकडे जातो आणि माणसे कमी असतील तर त्याच्याकडेही राहत नाही. माणसांची अट नसलेली परवानगी म्हणजे हवा प्रदूषण अधिनियम, १९८१ खालील प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र. पण मंडळाची नजर प्रामुख्याने गिरणीबाहेरच्या हवेवर असते. शेजारच्या शेतावर धूळ बसू नये ही काळजी योग्यच आहे. चाळणीपाशी उभ्या असलेल्या मजुराच्या नाकासमोरची हवा मात्र त्या मोजणीत येत नाही.

राजस्थानने २०१४ मध्येच कारखान्याचा उंबरठा दहावरून वीस कामगारांवर नेला. त्याच राज्यात ब्यावरसारखे खनिजे दळण्याचे मोठे केंद्र आहे आणि त्याच राज्याने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. निदान झाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख रुपये देणारे हे धोरण देशातील बऱ्यापैकी उदार धोरणांपैकी एक आहे. तपासणीचे क्षेत्र आखडते घ्यायचे आणि मदतीचा हात मोकळा सोडायचा, असा हा विचित्र ताळेबंद आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने वीसचा उंबरठा देशभर आणला. आस्थापनेची नोंदणी आणि मालकाची मूलभूत कर्तव्ये यांसाठी दहाची मर्यादा कायम आहे. धोकादायक उद्योगांतील सर्व कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी होईल, असे केंद्र शासनाने जाहीर केले आहे; इतरांसाठी ही सोय चाळिशीनंतरची आहे. गिरणी धोकादायक गणली गेली नाही, तर तिथल्या विशीतल्या मजुराला तपासणीसाठी वीस वर्षे थांबावे लागेल. गोध्र्याच्या मजुरांना तेवढा अवधी मिळाला नव्हता.

निरीक्षक आता 'निरीक्षक तथा सुविधाकर्ता' झाला आहे आणि कोणत्या आस्थापनेची तपासणी व्हावी हे संगणकीय यादृच्छिक पद्धतीने ठरण्याची तरतूद आहे. निरीक्षकाच्या मनमानीचा त्रास लहान उद्योजकांनी खरोखरच सोसलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पूर्वसूचनेशिवाय, कोणत्याही वेळी प्रवेश करण्याचा निरीक्षकाचा अधिकार मान्य करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या ८१ व्या करारावर भारताने १९४९ मध्येच मान्यतेची मोहोर उमटवली आहे. शिवाय संगणक निवडणार तो नोंदणीकृत आस्थापनांतूनच. जी गिरणी यादीतच नाही, तिचे नाव सोडतीत निघणार कसे?

संहितेतच एक वाट ठेवलेली आहे. जिवाला धोका असलेले काम जेथे चालते, त्या आस्थापनांच्या नोंदणीसाठीची कामगारसंख्येची अट केंद्र शासनाला अधिसूचनेद्वारे दूर करता येते. कोरडी गारगोटी दळणे हे काम त्या यादीत नि:संदिग्ध शब्दांत असेल, तर सहा माणसांच्या गिरणीलाही नोंदणी करावी लागेल आणि हजेरीपट ठेवावा लागेल. अलीराजपूरच्या विधवांकडे मागितला गेलेला पुरावा तोच होता.