काँपिएनच्या रानांतील धडा

फ्रान्स देश पाहावयास गेलेला प्रवासी काँपिएन गांवीं उतरला, कीं प्रथम राजवाड्याकडे वळतो. पॅरिसच्या ईशान्येस सुमारें ८० किलोमीटरांवर असलेलें हें गांव ऐतिहासिक खरेंच. १४३० सालीं जोन ऑफ आर्क ही शूर कन्या याच गांवच्या वेशीबाहेर शत्रूच्या हातीं सांपडली. पंधराव्या लुईनें येथील वाडा नव्यानें बांधविला, आणि पहिल्या नेपोलियननें १८१० सालीं आपली नववधू मारी लुईझ हिला येथेंच आणिलें. हें वैभव अवश्य पाहावें. परंतु माझ्या मतें या गांवाचा खरा धडा वाड्यांत नसून रानांत आहे.

गांवास लागूनच ओक व बीच वृक्षांचें विस्तीर्ण रान पसरलें आहे. त्यांतील एका मोकळ्या जागीं, आगगाडीच्या डब्यांत, ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं मार्शल फॉश यांच्यासमोर जर्मन प्रतिनिधींनीं युद्धतहकुबीच्या करारावर सह्या केल्या. पुढें फ्रेंचांनीं तेथें एक शिला बसवून जर्मन साम्राज्याच्या पापी गर्वाचा येथें पाडाव झाला, अशा अर्थाचा लेख तिच्यावर कोरविला. जेत्यास तो भूषणावह वाटला. पराजितास मात्र शल्यासारखा सलत राहिला. जून १९४० मध्यें फ्रान्स पडतांच हिटलरनें तोच डबा संग्रहालयांतून काढवून त्याच जागीं आणविला, आणि २२ जून रोजीं त्यांतच फ्रेंचांना सही करावयास लाविलें. मग शिला उखडली गेली; डबा जर्मनींत नेला गेला व १९४५ सालीं तोही नष्ट झाला. सूडानें कोणाच्या पदरीं काय पडलें?

कोणी म्हणेल, विजयाची आठवण ठेवूंच नये काय? अवश्य ठेवावी. आपल्या वीरांचीं नांवें दगडावर कोरावींत. शत्रूची मानहानि कोरूं नये. विद्यार्थिमित्रहो, सामना जिंकल्यावर हरलेल्या संघाची हुर्यो उडवितांना हें स्मरावें. पालकांनींही घरीं जुनीं वैरें मुलांस शिकवूं नयेत.

आज तेथें त्याच जातीचा दुसरा डबा ठेवलेला आहे. १० नोव्हेंबर २०१८ रोजीं फ्रान्सचे अध्यक्ष व जर्मनीच्या चॅन्सेलर त्या जागीं शेजारीं उभ्या राहिल्या, आणि उभय राष्ट्रांच्या सलोख्याची पाटी त्यांनीं उघडली. तिला शंभर वर्षें लागलीं! म्हणून काँपिएनला जाणाऱ्यानें वाड्यास एक प्रहर द्यावा, आणि या पाटीपुढें क्षणभर तरी टोपी काढून उभें राहावें.