दातातले सिमेंट : टणक किती, घट्ट किती?

“भाऊ, डॉक्टरनं दाढेत सिमेंट भरलं म्हणे. मग ते आठ महिन्यांत निघालं कसं? आमच्या ओट्याचं सिमेंट वीस वर्षं झाली, हललं नाही!”

शेजारच्या वहिनींनी आम्हाला असा पेच टाकला. हातात कागदाची पुडी, पुडीत पांढरट खडा. गाल सुजलेला. आम्ही पडलो कारकून, पण प्रश्न घरोघरचा. म्हणून दातांच्या डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले. जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

दाताच्या सिमेंटची परीक्षा दोन बाबतींत होते. एक टणकपणा, दुसरी फट बंद करण्याची ताकद. या दोन गोष्टी एक नव्हेत. चाळीचा स्लॅब दगडासारखा टणक असतो, तरी पावसाळ्यात गळतो. पाणी स्लॅबमधून येत नाही, फटीतून येते. दाताचेही तसेच. सिमेंट टणक असले, पण कडेला केसाएवढी फट राहिली, तर लाळ, साखर आणि जंतू आत जातात आणि वरून शाबूत दिसणारी दाढ आतून पोखरते.

टणकपणा मोजताना हिऱ्याचे टोक ठराविक वजनाने दाबतात आणि उमटलेला खड्डा मोजतात. दाब किती सोसतो तेही वेगळे पाहतात. फट तपासण्याची रीत तर आमच्या मुलीलाही आवडली. काढून टाकलेला दात घ्यायचा, त्यात सिमेंट भरायचे, भरलेली जागा व तिची कड सोडून सगळीकडे नखपॉलिश लावायचे आणि दात निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवायचा. नंतर उभा कापला की निळा रंग किती आत शिरला ते दिसते.

आता एकेक प्रकार पाहू. वहिनींच्या दाढेत होते ते झिंक ऑक्साइडची पूड आणि लवंगेच्या तेलातले युजेनॉल यांचे मिश्रण. ते ठणका शांत करते, सुरुवातीला फटही चांगली बुजवते. पण ते मऊ. असे तात्पुरते सिमेंट एका चौरस सेंटिमीटरला साडेतीनशे किलोच्या आतच दाब सोसते. चावून आणि लाळेने ते झिजत जाते. ते मुळी थोड्या दिवसांसाठीच असते.

दुसरे झिंक फॉस्फेट. जुने आणि टणक, हजार किलोच्या आसपास दाब सोसणारे. पण ते दाताला चिकटत नाही, खरबरीत जागेत नुसते अडकून बसते.

तिसरे ग्लास आयोनोमर. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेतील विल्सन आणि केंट यांनी ते शोधले व १९७२ साली जगापुढे मांडले. दात भरण्याच्या जातीचे हे सिमेंटही किमान हजार किलो दाब सोसावे असा नियम आहे. त्याचा मोठा गुण म्हणजे ते दातातील कॅल्शियमशी रासायनिक रीतीने जोडले जाते आणि हळूहळू फ्लोराइड सोडते. गरम-थंडाने ते जवळजवळ दाताएवढेच फुगते-आकसते, म्हणून कड सहसा सुटत नाही. दोष म्हणजे ते ठिसूळ आहे, जोराने चावायच्या जागी झिजते आणि ताजे असताना ओल किंवा फार कोरडेपणा त्याला सोसत नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. वीज व मशीन नसतानाही, हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ते भरता येते.

चांदी भरणे म्हणतो तिच्यात निम्मा पारा असतो. ती सुमारे चार हजार किलो दाब सोसते, पण दाताला चिकटत नाही. तिच्यावरचा गंजच कालांतराने फट बुजवतो. पाऱ्यामुळे पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना ती भरू नये, असे २०२२ साली मिनामाता करारातील देशांनी ठरवले. जुनी चांदी शाबूत असेल तर मात्र उगाच उकरून काढू नये. दिव्याने कडक होणारे दातासारख्या रंगाचे कॉम्पोझिट मजबूत व सुंदर, पण कडक होताना थोडे आकसते आणि भरताना जागा अगदी कोरडी लागते.

तेव्हा सर्वांत टणक तेच सर्वांत चांगले, असे नाही. जागा पाहून सिमेंट ठरते.

वहिनींना पंधरा दिवसांनी बोलावले होते. ठणका थांबला म्हणून त्या गेल्याच नाहीत. आम्ही त्यांना काय बोलणार? आम्हीही एक दाढ अशीच घालवली आहे. कीड नसेपर्यंत गेली. एका दिवसाचा खाडा वाचवला, आता रूट कॅनालसाठी चार खाडे पडतील. दाढ वाचेल, एवढेच समाधान.

दात भरून घेताना डॉक्टरांना तीन प्रश्न न संकोचता विचारा. हे तात्पुरते की कायमचे? परत कधी यायचे? किती वेळ खायचे नाही? खासगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबईत नायर दंत महाविद्यालय किंवा सेंट जॉर्जेसच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आहे, नागपूर व छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. आणि बोलावलेली तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. ठणका थांबला म्हणजे काम झाले, असे समजू नका.