रांगेतले आयुष्य : अमेरिकेचे ग्रीन कार्ड आणि आपली कुटुंबे

नाताळच्या सुमारास वसईच्या धर्मग्रामांत परदेशस्थ मुलांची वर्दळ असते. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात भेटीगाठी होतात आणि अमेरिकेहून आलेल्या मुलाला हमखास एक प्रश्न विचारला जातो, "काय, ग्रीन कार्ड झाले का?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ऐकणारा मात्र कसनुसे हसून विषय बदलतो.

डिसेंबर २०२५ मध्ये असे आलेल्या अनेक भारतीयांची मोठी पंचाईत झाली. अमेरिकन सरकारने १५ डिसेंबरपासून एच-१बी व्हिसाधारकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या समाजमाध्यमांवरील लिखाणाची तपासणी सुरू केली आणि भारतातील वकिलातींनी आधी ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या. पारपत्रावर नवा शिक्का घ्यावा म्हणून थोड्या दिवसांची रजा टाकून आलेली माणसे येथेच अडकली. नोकरी तिकडे, भाड्याचे वा कर्जाचे घर तिकडे. दहा-दहा वर्षे त्या देशात काम करून कर भरणाऱ्या माणसाला घरी परतण्यासाठी पुन्हा शिक्क्याची वाट का पाहावी लागते, हे समजून घ्यायचे तर ग्रीन कार्डाची रांग नेमकी कशी चालते, हे पाहिले पाहिजे.

नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या बहुतेक अर्जांना तीन पायऱ्या असतात. प्रथम मालकाने जाहिरात देऊन सिद्ध करायचे की या कामासाठी पात्र व इच्छुक अमेरिकन कामगार मिळत नाही. अलीकडच्या वर्षांत एवढ्यालाच वर्षाहून अधिक काळ लागू लागला आहे. त्यानंतर मालक त्या कामगारासाठी विनंतीअर्ज करतो. या दोन्ही पायऱ्यांवर अर्जदार खरे पाहता कामगार नसून मालक आहे, हे ध्यानात ठेवावे. तिसरी पायरी कामगाराची स्वतःची. पण तेथे पोहोचण्यासाठी त्याचा क्रमांक यावा लागतो. पहिला अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, ती तारीख म्हणजे त्याचा रांगेतला क्रमांक. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ नावाचे पत्रक काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा क्रमांक लागला, हे त्यात छापलेले असते. ते पत्रक उघडताना हजारो भारतीय घरांत श्वास रोखला जातो.

१९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची संख्या वर्षाला १,४०,००० ठरवून दिली. ती आजही मुळात तेवढीच आहे. या आकड्यात पती-पत्नी व मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणतः सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. आपले बहुतेक अभियंते ज्या दुसऱ्या श्रेणीत अर्ज करतात, तिच्या वाट्याला वर्षाला सुमारे ४०,००० कार्डे येतात. त्यांचे सात टक्के म्हणजे सुमारे २,८००. चौघांचे कुटुंब धरले तर अवघी सातशे कुटुंबे! इतर देशांकडून उरलेली कार्डे जुन्या तारखांच्या क्रमाने भारतीयांना मिळतात, म्हणून काही वर्षी हा आकडा वाढतो. तरीही २०२५ च्या उन्हाळ्यातील पत्रकांत भारतीयांसाठी या श्रेणीची तारीख १ जानेवारी २०१३ ही होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी रांगेत उभ्या राहिलेल्यांची पाळी तेव्हा आली. आज रांगेत येणाऱ्याला किती काळ लागेल? वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार नव्या भारतीय अर्जदारासाठी हे उत्तर १३४ वर्षे असे येते. एवढी वर्षे कोणी थांबणार नाही, हे उघड आहे. त्या आकड्याचा अर्थ इतकाच की या दाराने आत जाण्याची आशा नव्या अर्जदाराने धरू नये.

येथे एक गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नसते. रांग नागरिकत्वाने ठरत नाही, जन्मस्थानाने ठरते. गोव्यातील ज्या बांधवांनी पोर्तुगीज पारपत्र घेतले आहे, ते आज गोव्यात जन्मलेले असल्याने भारताच्याच रांगेत उभे राहतात. याउलट, वसईतील वा गोव्यातील एखादे जोडपे आखातात नोकरीला असताना त्यांचा थोरला मुलगा कुवेतमध्ये जन्मला आणि धाकटा परत आल्यावर पापडीला जन्मला, अशी कल्पना करा. दोघे एकाच शाळेत शिकले, एकाच महाविद्यालयातून अभियंते झाले, एकाच दिवशी त्यांचे अर्ज दाखल झाले. थोरल्याची गणना कुवेतच्या रांगेत होईल आणि त्याचे काम काही वर्षांत उरकेल. धाकटा भारताच्या रांगेत उभा राहील. थोरल्याच्या अंगी अधिक गुण आहेत म्हणून हे घडत नाही. आई बाळंतपणाच्या वेळी कोठे होती, एवढ्यावर हा फरक ठरतो.

१९६५ पूर्वी अमेरिकेत राष्ट्रीयत्वानुसार कोटे होते आणि ते युरोपीय लोकांच्या बाजूने झुकलेले होते. ते मोडून सर्व देशांना समान मर्यादा लावणे हे त्या काळी न्यायाचे पाऊल होते. समान मर्यादा कोट्यवधी लोकसंख्येच्या देशाला आणि चिमुकल्या बेटाला सारखीच लागू झाली तर काय होईल, हा विचार तेव्हा कोणाला सुचला नसावा.

प्रतीक्षेचा खरा भार मात्र आकड्यांत दिसत नाही. एच-१बी व्हिसा एरवी सहा वर्षांचा. मालकाचा विनंतीअर्ज मंजूर असेल तर २००० सालच्या कायद्यामुळे तो तीन-तीन वर्षांनी वाढवून मिळतो. म्हणजे राहता येते, पण मालकाच्या आधाराने. दुसरीकडे नोकरी धरली तर रांगेतली तारीख सहसा टिकते, मात्र पहिल्या दोन्ही पायऱ्या नव्या मालकाला पुन्हा चढाव्या लागतात. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. अशा स्थितीत कमी पगार, रखडलेली बढती वा वरिष्ठाचे टोचून बोलणे याविरुद्ध कोण तोंड उघडणार? पत्नी उच्चशिक्षित असली तरी २०१५ पर्यंत तिला काम करण्याची मुभा नव्हती. त्या वर्षापासून, पतीचा विनंतीअर्ज मंजूर असल्यास, ती मिळू लागली.

मुलांचे प्रकरण तर याहून कठीण. तान्हेपणी तेथे नेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की कायद्याने ते वडिलांवर अवलंबून राहत नाही आणि रांगेतून गळते. वयाच्या मोजणीत थोडी सवलत देणारा कायदा २००२ मध्ये झाला, परंतु दशकाहून लांब रांगेपुढे ती सवलत तोकडी पडते. ज्या देशाखेरीज दुसरा देश त्या मुलाने नीट पाहिला नाही, तेथेच त्याला परदेशी विद्यार्थी म्हणून व्हिसा मागावा लागतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅन्सस राज्यातील ओलाथ येथे एका भारतीय अभियंत्याची वंशद्वेषातून गोळी घालून हत्या झाली. त्याच्या पत्नीचा तेथे राहण्याचा हक्क पतीच्या व्हिसावर अवलंबून होता. त्याच्या मृत्यूबरोबर तोही संपला. अखेर एका लोकप्रतिनिधीच्या साहाय्याने तिची सोय झाली. ज्यांच्या घरचे दुःख वर्तमानपत्रात येत नाही, त्यांच्या विधवांसाठी कोण धावत असेल?

या लोकांनी निमूटपणे सारे सोसले असेही नाही. जुलै २००७ च्या पत्रकाने जवळजवळ सर्वांना तिसरी पायरी खुली केली. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांचे शुल्क भरले आणि २ जुलैला तीच पायरी अचानक बंद झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा ‘लगे रहो मुन्नाभाई’ चित्रपटातील गांधीगिरीची आठवण ठेवून भारतीयांनी खात्याच्या प्रमुखांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. त्यांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे वळवली. पण १७ जुलैला निर्णय फिरवण्यात आला आणि महिनाभर अर्ज स्वीकारले गेले.

कायदा बदलण्याचे प्रयत्न मात्र फळले नाहीत. जन्मदेशाची मर्यादा काढणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत केले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये वेगळ्या मसुद्याला मान्यता दिली. दोहोंचा मेळ बसला नाही आणि विधेयक बारगळले. विरोधकांचा मुद्दा निराधार नव्हता. एकूण संख्या न वाढवता मर्यादा काढली तर भारतीयांची रांग आखडेल, पण इतर देशांतून येणाऱ्या परिचारिका व कामगार वर्षानुवर्षे मागे ढकलले जातील, असे सिनेटर डिक डर्बिन आदींचे म्हणणे होते. माझ्या मते संख्या वाढवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. आपल्या मुलाचे ओझे दुसऱ्याच्या मुलाच्या खांद्यावर ठेवून न्याय होत नाही.

हा पेच ख्रिस्तसभेच्या दारातही येऊन ठेपला आहे. अमेरिकेतील अनेक धर्मग्राम परदेशी धर्मगुरूंवर अवलंबून आहेत आणि त्यांत भारतीय धर्मगुरूंची संख्या लक्षणीय आहे. त्यांची वर्गवारी चौथी. तिला वर्षाला सुमारे १०,००० कार्डे. छळ झालेल्या वा आईवडिलांनी टाकून दिलेल्या निराधार स्थलांतरित मुलांनाही याच वर्गात स्थान आहे. मार्च २०२३ मध्ये मध्य अमेरिकेतील तीन देशांच्या अर्जदारांची स्वतंत्र रांग बंद करून त्यांना सर्वसाधारण रांगेत आणले गेले आणि धर्मगुरूंची प्रतीक्षा एकाएकी लांबली. धार्मिक सेवेचा व्हिसा पाच वर्षांचा. त्यानंतर तेव्हाच्या नियमानुसार किमान एक वर्ष देशाबाहेर राहणे भाग होते. धर्मग्रामस्थ धर्मगुरूंविना आणि धर्मगुरू धर्मग्रामाविना! न्यू जर्सीतील पॅटरसन धर्मप्रांताने व पाच धर्मगुरूंनी ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. जानेवारी २०२६ मध्ये सरकारने वर्षभर बाहेर राहण्याची अट काढून टाकणारा नियम जाहीर केला. रांग मात्र होती तेवढीच राहिली. निराधार मूल आणि धर्मगुरू यांना एकाच अपुऱ्या भाकरीसाठी एकमेकांसमोर उभे करणारी ही व्यवस्था आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ या विश्वपत्रात कामासाठी स्थलांतर करणाऱ्यांचा स्वतंत्र विचार केला आहे. परक्या देशात काम करणाऱ्याला कामाच्या हक्कांच्या बाबतीत तेथील कामगारापेक्षा कमी लेखू नये आणि त्याच्या अडचणीचा लाभ उठवू नये, हा त्यातील आशय. देशाला आपल्या सीमा सांभाळण्याचा अधिकार आहे, हे ख्रिस्तसभा नाकारत नाही. पण ज्या माणसाचे काम बारा वर्षे चालते, त्याला तेराव्या वर्षीही पाहुणा ठेवणे या कसोटीला उतरत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील कामगारासाठी नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्यात आले, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती ‘आता मुले कशी जाणार’ याची. शिक्षणासाठी जमीन वा दागिने गहाण टाकून मुलांना तिकडे धाडणाऱ्या पालकांनी आणखी एक चौकशी करावी : मुलाच्या क्षेत्रात, त्याच्या जन्मस्थानानुसार, त्याची रांग कोणती? आणि पुढल्या नाताळात मुलगा आलाच, तर ग्रीन कार्डाचा प्रश्न जरा बाजूला ठेवावा. परतीच्या प्रवासासाठी त्याच्या पारपत्रावर शिक्का आहे की नाही, हे विचारलेले बरे.