वैनगंगेकाठचं पवनी

दोस्तांनो, आपण नवी मुंबईकर सुट्टीत बहुधा अलिबागला, नाहीतर माथेरानला जातो. यंदा आईबाबांकडे जरा लांबचा हट्ट धरा! विदर्भ एक्सप्रेसने भंडारा रोडला उतरायचं, तिथून पुढे वैनगंगेकाठच्या पवनीला. इथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला. जवळच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. वाघ दिसेलच असं नाही, जिप्सीतले धक्के मात्र नक्की!

पण खरी गंमत नदीची, बरं का. वरच्या अंगाला, बालाघाटकडच्या ओढ्यांत सोनझरी लोक लाकडी पाटीत वाळू घोळवून सोनं काढत. सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. म्हणून वाळू वाहून जाते, सोनं तळाशी राहतं. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, तेव्हा तिथे धावलेली माणसंही हेच करत होती. तिथे शहरं उभी राहिली. इथे मात्र दिवसभर पाण्यात वाकून कणभर सोनं मिळायचं, आणि त्यावर घरची चूल पेटायची.

ताटात वाळू, पाणी आणि सायकलचे चार छर्रे घालून घोळवून बघा. किती वेळात कंबर दुखते, तेही मोजा!