कार्ड आणि दवाखाना

रोग्याच्या हातीं विम्याचें कार्ड ठेवलें म्हणजे राज्याचें कर्तव्य संपलें, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गांत दृढ होत चालला आहे. हा समज आम्ही घातक मानतों, व तसें कां मानतों तें येथें स्पष्टच सांगतों.

२०१८ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेनें पात्र कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची हमी दिली. शस्त्रक्रियेच्या प्रसंगीं ज्याची जमीन गहाण पडण्यापासून वांचली, त्याच्यापुढें ह्या योजनेची निंदा करण्याइतके आम्ही निष्ठुर नाहीं. परंतु ही हमी रोगी रुग्णालयांत दाखल झाल्यावरची आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, पोराचा ताप, म्हातारीचा दमा हीं तिच्या कक्षेबाहेर. गांवच्या सरकारी दवाखान्यांत गोळी असली तर ठीक. नसली तर खिशांत हात घालावा, किंवा गोळीवांचून राहावें. पुढें त्याच रक्तदाबानें अर्धांगवायूचा झटका आला, म्हणजे मात्र लाखांची सोय तयार! घर पेटूं द्यावें आणि मग बंबाचें भाडें भरावें, ह्यास कोणी शहाणपण म्हणेल काय? शिवाय कार्ड ही हुंडी आहे. ज्या तालुक्यांत पेढीच नाहीं, तेथें ती वटवावी कोठें?

आंकडेही हेंच सांगतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०१३-१४ सालीं देशाच्या एकूण आरोग्यखर्चाचा ६४.२ टक्के भाग लोकांनीं स्वतःच्या खिशांतून भरला. २०२१-२२ सालीं तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली, हें आम्ही मोकळेपणें मान्य करतों. परंतु त्याच वर्षीं सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पादनाच्या अवघा १.८४ टक्के होता. आणि २०१७ च्या राष्ट्रीय धोरणानें २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचें वचन दिलें होतें.

'पण सरकारी म्हणजे निकामी' हा आक्षेप आमच्या परिचयाचा आहे. तो घेणारांस आम्ही विचारतों: देवीचा रोग १९७५ सालीं ह्या देशांतून कोणीं घालविला? पोलिओमुक्तीचें प्रशस्तिपत्र २०१४ सालीं कोणाच्या श्रमांनीं मिळालें? संगमरवरी दालनांनीं नव्हे, तर मुख्यतः दारोदार फिरणाऱ्या सरकारी नोकरांनीं व त्यांच्या साह्यकर्त्यांनीं. १९९४ सालीं स्थापन झालेल्या तमिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळानें खुल्या निविदांनीं एकत्र खरेदी केली, रुग्णालयांस पासबुकें देऊन औषधांचा हिशेब ठेवला, आणि सरकारी दवाखान्यांतही औषध मिळूं शकतें हें दाखवून दिलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरच्या घरीं शुश्रूषा शिकवून बालमृत्यू घटविले. त्याचा वृत्तांत १९९९ सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. २०११ सालीं सरकारनें तशाच धर्तीचें काम आशांकडे सोंपविलें. परंतु आशेस कर्मचारी म्हणावयास राज्य तयार नाहीं, ती 'स्वयंसेविका'च!

तेव्हां दोष सरकारीपणाचा नव्हे. दोष आपल्या उपेक्षेचा आहे. वकील, प्राध्यापक, अधिकारी ह्यांनीं सरकारी दवाखान्याची पायरी सोडली, त्या दिवसापासून तेथील गैरहजर डॉक्टरविषयीं ओरड करणारा आवाजच उरला नाहीं. गरिबाची तक्रार अर्जांत बसत नाहीं, आणि ज्यांस अर्ज लिहितां येतो त्यांस तक्रारीचें कारण उरलेलें नाहीं. ज्या पंक्तीस यजमान बसत नाहीं, त्या पंक्तीच्या आमटींत पाणी पडणारच.

पैसा नाहीं म्हणून कोणी उपचारावांचून राहतां कामा नये, हें तत्त्व भोर समितीनें १९४६ सालींच सांगून ठेविलें आहे. तें साधावयाचें तर आधीं प्राथमिक केंद्रांत डॉक्टर, परिचारिका आणि औषध हवें, कार्ड त्यानंतर. आमच्या वाचकांस आमचें मागणें एवढेंच कीं, मत मागावयास येणाऱ्या उमेदवारास रस्त्याविषयीं विचारतां त्याच आवाजांत जवळच्या सरकारी दवाखान्याविषयींही विचारा. आणि उत्तर तपासण्यासाठीं एकदां तेथें स्वतः जाऊन रांगेंत उभे राहा.