नाव एक, पेशी अनेक
वसई, खास प्रतिनिधी

गुडघेदुखी, मधुमेह, पक्षाघात आणि स्वमग्नता या परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या विकारांवर ‘स्टेम सेल’ हा एकच उतारा सुचविणाऱ्या जाहिराती आता नव्या राहिलेल्या नाहीत. २०११च्या जनगणनेतच बारा लाखांचा टप्पा ओलांडलेल्या वसई-विरारमधील रुग्णाला विशेष उपचारांसाठी आजही बहुधा लोकलने मुंबई गाठावी लागते. तेथे आपल्या हाती नेमके काय पडणार आहे, याची शहानिशा मात्र त्याची त्यालाच करावी लागते. अशा वेळी ‘आमच्या पेशी सीडी-७३, सीडी-९० आणि सीडी-१०५ या कसोट्यांना उतरल्या आहेत’ असा प्रयोगशाळेचा दाखला समोर आला, तर त्यावर कितपत विसंबावे?

सीडी म्हणजे अर्थातच गाण्यांची तबकडी नव्हे. पेशीच्या पृष्ठभागावर विशिष्ट प्रथिने असतात आणि त्यांना ओळखण्यासाठी हे क्रमांक दिलेले आहेत. या प्रथिनांना चिकटणारी, प्रकाशमान रंगद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे पेशींत मिसळून फ्लो सायटोमेट्री यंत्राने एकेक पेशी तपासली जाते. अस्थिमज्जा, चरबी, नाळ, दातातील मगज अशा अनेक ठिकाणी सापडणाऱ्या मेसेन्कायमल मूळपेशींची ओळख पटविण्यासाठी आंतरराष्ट्रीय पेशी उपचार संस्थेने २००६ मध्ये किमान निकष ठरविले. पेशी प्लास्टिकच्या पात्राला चिकटून वाढाव्यात; किमान ९५ टक्के पेशींवर वरील तीन खुणा असाव्यात; रक्तपेशींशी निगडित सीडी-४५, सीडी-३४ यांसारख्या खुणा दोन टक्क्यांहून अधिक पेशींवर नसाव्यात; आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, चरबी व कूर्चा तयार व्हावी, असे त्यांचे स्वरूप आहे.

खरी मेख ‘किमान’ या शब्दात आहे. त्वचेतील सामान्य फायब्रोब्लास्ट पेशींवरही या तिन्ही खुणा आढळतात. चरबीतून नुकत्याच काढलेल्या पेशींवर सीडी-३४ दिसते आणि संवर्धनात ते ओसरते. म्हणजे खूण ही पेशीइतकीच ती वाढविण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते. दाता तरुण की वृद्ध, पेशी नाळेतील की मज्जेतील, प्रयोगशाळेत त्यांच्या किती पिढ्या वाढविल्या, यावर त्यांची विभाजनक्षमता आणि त्या स्रवत असलेली रसायने बदलतात. थकलेल्या, विभाजन थांबविलेल्या पेशीही नेहमीच्या खुणा मिरवू शकतात. सीडी-१४६, सीडी-२७१ यांसारख्या अधिक खुणांच्या आधारे या गर्दीतील उपगट वेगळे काढण्याचे प्रयत्न सुरू आहेत. पण एखादी पेशी रुग्णाच्या शरीरात गुणकारी ठरेल की नाही, हे सांगणारी एकच सर्वमान्य खूण अद्याप हाती लागलेली नाही. १९९१ मध्ये हे नाव रूढ करणारे अमेरिकी संशोधक अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये ते बदलण्याची मागणी केली. या पेशी नवे अवयव घडवीत नाहीत, तर औषधी संकेत सोडतात, हे त्यांचे म्हणणे होते.

म्हणून सर्वच उपचार थोतांड मानणेही चुकीचे ठरेल. बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीने अनेक दात्यांच्या अस्थिमज्जेतील पेशी एकत्र करून तयार केलेल्या उत्पादनाला भारताच्या औषध महानियंत्रकांनी पायातील रक्तपुरवठ्याच्या गंभीर विकारासाठी, तर २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी मान्यता दिली. अमेरिकेत अशा पेशींच्या पहिल्या औषधाला डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, तीही मज्जारोपणानंतर बालरुग्णांत उद्भवणाऱ्या एका विशिष्ट गुंतागुंतीपुरतीच. दोन्हीकडे परवानगी ठरावीक उत्पादनाला आणि ठरावीक आजाराला आहे. ‘मेसेन्कायमल’ या आडनावाला नाही.

याउलट, स्वमग्नतेवर मूळपेशींचा उपचार सुचवू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर नाळेतील रक्ताखेरीज नाळेची ऊती, दातातील मगज आदींच्या साठवणुकीलाही मुभा दिली नाही. बाळंतपणाच्या धामधुमीत अशा साठवणुकीच्या करारावर सही करणाऱ्या किती पालकांना हा फरक कुणी समजावून सांगतो?

रुग्णाने विचारायचे ते सीडीचे आकडे नव्हेत. पेशी कोणाच्या, कोणत्या ऊतीतील, आणि नेमक्या याच आजारासाठी औषध महानियंत्रकांची मान्यता आहे काय, एवढे लेखी मागावे. ‘ही चाचणी आहे’ असे उत्तर मिळाले, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक मागावा. २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि कोणालाही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. शिवाय, संशोधनाच्या नैतिक तत्त्वांनुसार चाचणीतील प्रायोगिक उपचाराचा खर्च सहभागी रुग्णाकडून घ्यायचा नसतो.